मोटरवालीच पाहिजे

डोळ्यांची आण घेऊन सांगते पोरींनो, या गोष्टीतलं अक्षर न् अक्षर खरं आहे! खोटं बोलू नये हे चौथं शील मी रोज सकाळी अंघोळ करून बुद्धापुढं म्हणते, अन् तुमी म्हणता लीलाबाई गप्पा हाणते? हाणते, नाही म्हणत नाही. पण ही गप नव्हे. जिले खोटं वाटते तिनं आताच उठून जावं. चहा मिळणार नाही.

तर माही नात दीपिका. माह्या राजेंद्रची पोरगी. लग्नाचे फोटो काढते. तिचा तो बिनाआरशाचा कॅमेरा. मिररलेस म्हणते ती त्याले. पहिल्यांदा सांगितलं तवा मी म्हटलं, "आरसाच नाही तर आपलं थोबाड त्यात दिसते कसं वं?" तर हसून हसून खाली बसली.

त्या दिवशी हट्ट्याच्या बावडीवर, त्या जुन्या पायऱ्यांच्या विहिरीवर, एका जोडप्याचे लग्नाआधीचे फोटो काढायचे होते. दीपिकाचा मदतनीस तापानं पडला. मी म्हटलं, मी येते. तो चांदीच्या रंगाचा गोल पंखा धरायचा असते ना, नवरीच्या तोंडावर उजेड पाडायले, तो मी धरला. एवढा मोठा, की जरा जोराचा वारा आला असता तर मी उडून थेट गोंदियाले उतरली असती!

थंडीचे दिवस. बावडीच्या दगडी खांबांमधून ऊन तिरपं येऊन राह्यलतं, खाली पाणी हिरवंगार. दीपिका पायरीवर एक गुडघा टेकून, डाव्या हातानं कॅमेऱ्याची ती लांब नळी फिरवून राह्यलती. लेन्स म्हणते तिले. नळी फिरवली की दूरचं जवळ येते. तेवढ्यात समोरच्या पायऱ्यांवरून आवाज आला...

"ओ मॅडम! तुमी माह्या फ्रेममध्ये येऊन राह्यल्या!"

पाहते तर काय, पलीकडून दुसरा एक पोट्टा, उंच, कुरळ्या केसांचा, दुसऱ्याच जोडप्याचा व्हिडिओ काढून राह्यलता. त्याच बावडीवर, त्याच वेळेले!

दीपिका मान वर न करताच म्हणे, "तुमी माह्या फ्रेममध्ये केव्हाचे आहा. मी बोलली का?"

"बोलायचं होतं ना मंग."

"फोटो सुधारून घेतला असता मी. तुमाले पुसून टाकलं असतं."

"बाप रे... एवढ्यातच पुसता?"

मी पंख्याच्या मागून डोकं काढलं. मले आता इथं मजा येऊन राह्यलती. दोन्ही जोडपे एका बाजूले, अन् हे दोघं एकमेकांच्या नळ्या पाहत उभे.

"हातानंच फिरवता अजून?" तो म्हणे. "पावर झूम नाही?"

"मले आवडत नाही. बटण दाबलं अन् मशीन आपलं आपलं सरकून राह्यलं... त्यात माहं काय? हातानं फिरवलं तर जिथं जीव थांबते तिथं हात थांबते."

"अन् जिथं हात हलते तिथं व्हिडिओ हलते. नवरीच्या बापाच्या डोळ्यातलं पाणी काढाले जावं अन् फ्रेम अशी हालावी जशी बैलगाडीतून काढली!"

"हात धड नसन तर हातानं फिरवाले काहून नावं ठेवता? शिकून घ्या."

आपल्या हाताकडं पाह्यलं त्यानं. मंग हळूच म्हणे, "शिकवान का?"

माय गं! मी पंखा एवढा हलवला, की नवरीच्या तोंडावरचा उजेड सरकून नवरदेवाच्या टकलावर गेला.

विवेक नाव त्याचं. लामत्याचा, पण दुकान बालाघाटले स्टेशनकडं. जातानी म्हणे, "जयभीम आजी, पंखा तुमी लय भारी धरता." मी तवाच ओळखलं, पोट्टा हुशार आहे. आजीले धरून नातीपर्यंत येते.

आता बालाघाटात लग्नं काय, दोन बाजू अन् दोन फोटोवाले. पोरीकडचा एक, पोराकडचा एक. त्या हंगामात जिथं दीपिका पोरीकडून, तिथं विवेक पोराकडून. योगायोग म्हणे दोघं! योगायोगानं एवढ्या वेळा कोणी भेटत नाही वं, मी काय काल जन्मली? वरमाला पडून राह्यली की दोघांची धक्काबुक्की.

"सरका ना थोडं!" तो म्हणे.

"कितीक सरकू? पुढं नवरदेवाच्या मांडीवर बसू?"

"बसा. तेवढाच फोटो नवीन होईन."

एकदा असंच वारासिवनीकडच्या लग्नात, मीबी पंखा घेऊन सोबत होती, भर हळदीत अवकाळी पाऊस आला. धो धो. मांडवाखाली पळापळ. विवेकनं अंगातलं जॅकेट काढलं अन् धावत आला... मले वाटलं आता माह्या नातीच्या डोक्यावर धरन. तर धरलं कॅमेऱ्यावर! दीपिका उभी तिथं निथळत, केस गालाले चिकटलेले, अन् जॅकेटखाली कॅमेरा कोरडा ठणठणीत.

मी घरी आल्यावर म्हटलं, "काय बावळट पोट्टा आहे वं. तुले भिजू दिलं!"

तर ती टॉवेलनं केस पुसत, आपलीच आपली हसत म्हणे, "आजी... त्याले समजते मी कशाले जपते ते."

झालं. पोरगी गेली हातची, म्हटलं मी मनात.

पुढं लपवण्यासारखं राह्यलं नाही. दीपिकानंच बापाले सांगितलं. राजेंद्रनं दोन दिवस तोंड पाडलं, मंग चौकशी केली, मंग तोंड नीट केलं. पोट्टा समाजातला, कामाचा, दारू-सुपारी नाही. रविवारी विवेक अन् त्याची माय बोलणी कराले येणार असं ठरलं. माही सून पुष्पलता तर पडदे धुवाले लागली.

अन् गुरुवारी... पोरींनो, गुरुवारी माह्या पायाखालची जमीनच सरकली!

दुपारची वेळ. दीपिका गोंदियाले लग्नावर गेलती, तिचं यायचं शनिवारी संध्याकाळी होतं. मी मागच्या अंगणात दोरीवर गोधड्या टाकून त्यांच्या सावलीत बसली होती. विवेक दीपिकाचं काही सामान परत कराले आला, पुष्पलताले दिलं, अन् तेवढ्यात त्याचा फोन वाजला. तो बोलत बोलत मागं आला, अन् बरोबर माह्या गोधडीच्या पलीकडं उभा राह्यला. मी काय कान लावले नाही हां. कान होते तिथंच, तो येऊन उभा राह्यला.

"हौ रे नथ्थू, ठरलं," तो म्हणे. "मले मोटरवालीच पाहिजे."

मी कान टवकारले. मंग लावले म्हणा.

"बिनामोटरची कितीक दिवस चालवू? ...नाही रे, जुनी काही वाईट नाही. चार वर्ष काढले तिच्यासंगं. पण आता जड झाली. हात दुखते... विकून टाकीन. गोंदियाचा एकजण घ्यायले तयार आहे."

विकून टाकीन! बाईले!

"नवीचा व्हिडिओ पाह्यला ना मी! काय सांगू, बारीक, हलकी, आवाज म्हणून नाही. नुसतं बोट लावलं की सरकते! ...दीपिकाले? नको नको, तिले नको सांगू एवढ्यात. तिले मोटरवाली आवडतच नाही. ...तिच्या बापाले? त्याले तर काहीच माहीत नाही."

तुमी आजकालच्या पोरी, तुमाले समजलंच असन, तो नव्या लेन्सचं बोलून राह्यलता. बाहेरदेशातल्या कोण्या कंपनीची, मोठ्या कॅमेऱ्याची, आतमध्ये मोटर असलेली लेन्स येणार होती अन् सगळे फोटोवाले तिची वाट पाहून राह्यलते. पण मले कसं समजन? दीपिकाच्या तोंडून मी ऐकलं ते 'पावर झूम'. काचेच्या नळीत मोटर असते हे कोण्या शहाण्या माणसाच्या डोक्यात येईन? माह्या लेखी मोटर म्हणजे दोन. एक विहिरीवरची, एक रस्त्यावरची.

गोधडी धरून बसून राह्यली. तो गेला तवा उठली अन् स्वयंपाकघरात जाऊन पुष्पलताले म्हटलं, "सुने, पडदे धुवायचे थांबव."

"काहून वो मामी?"

"पोट्ट्याले मोटर पाहिजे."

तिच्या हातून साबणच सुटला. "कोणती मोटर? विहिरीची?"

"त्यांच्या लामत्याच्या वावरात विहीर आहे का?"

"नाही. नहराचं पाणी येते म्हणे."

"मंग रस्त्यावरची. चार चाकी. अन् मोटर नसन तर पोरगी नको म्हणते. वरून अगोदरची एक आहे! चार वर्षांपासून! ती जड झाली म्हणून गोंदियाच्या माणसाले विकणार!"

पुष्पलता मटकन खाली बसली. ओल्या पडद्यावरच.

आता राजेंद्रले सांगायचं म्हणजे काय, ते तुमाले समजलं पाहिजे. माहा पोरगा कोर्टात बाबू. स्वतःच्या लग्नात त्यानं सासऱ्याकडून एक वाटी घेतली नाही. दर जयंतीले स्टेजवर उभा राहून बोलते, हुंडा घेणारा अन् देणारा दोघंही बाबासाहेबांचे कोणी नाही. अन् त्याच्याच पोरीले हुंड्यात मोटर मागणारा! मी त्याले सांगितलं तवा तो जेवून राह्यलता. घास हातातच राह्यला. मंग म्हणे, "माय, तू नेहमीसारखं वाढवून तर नाही सांगत?"

"डोळ्यांची आण!" मी म्हटलं. अन् पाहा, एकही शब्द वाढवला नव्हता.

शनिवारी सकाळी त्यानं विवेकले बोलावून घेतलं. दीपिका गोंदियाले, लग्नात फोन बंद ठेवते ती. पोट्टा आला हसत हसत, बालूशाहीचा डबा घेऊन. राजेंद्र खुर्चीत ताठ. मी अन् पुष्पलता दाराच्या मागं.

"बस. एक विचारतो, खरं सांग. तुले मोटरवाली पाहिजे म्हणते. खरं?"

विवेकचं तोंड उजळलंच! "तुमाले कसं माहीत काकाजी? ...हौ. खरं आहे. मोटरवालीच पाहिजे."

राजेंद्रनं खुर्चीचे हात गच्च धरले. "बिनामोटरची चालणार नाही?"

"चालवली ना काकाजी आजपर्यंत. पण आता जमाना बदलला. आजकाल सगळेच मोटरवाली पाहते."

"सगळेच पाहते!" राजेंद्र ओरडला. "अन् जुनीचं काय?"

"जुनी देऊन टाकीन. कोणाच्या तरी कामी येईन ती."

दाराच्या मागं पुष्पलतानं पदर तोंडात कोंबला.

"अन् दीपिकाले हे माहीत आहे?"

आता विवेक जरा ओशाळला. मान खाली घातली. "नाही सांगितलं, काकाजी. तिले पटत नाही. पण तिच्याजवळ बिनामोटरची अन् माह्याजवळ मोटरवाली, असं दोन्ही घरात असलं तर काय बिघडते? मिळून वापरू ना."

मिळून वापरू!

राजेंद्र उठून उभा राह्यला. त्याच्या गळ्याच्या शिरा मी दारामागून पाह्यल्या. "निघ. उद्या येऊ नको. तुह्या मायलेबी सांग येऊ नको म्हणून. ज्याले मोटर पाहिजे त्याले या घरात पोरगी नाही!"

विवेक असा पांढरा पडला, की मलेच पाणी द्यावंसं वाटलं. "काकाजी... एवढ्यापायी? दीपिकानं... दीपिकानं सांगितलं का असं?"

"माही पोरगी माह्यापेक्षा कडक आहे."

तो गेला. बालूशाही तिथंच राह्यली. कोणी हात लावला नाही. म्हणजे मी एक खाल्ली, पण रडत रडत खाल्ली.

संध्याकाळी दीपिका आली, खांद्यावर बॅगा, डोळे झोपेनं जड. राजेंद्रनं उभ्या उभ्याच सांगितलं. पोरगी आधी हसली. तिले वाटलं मस्करी आहे.

"विवेक? अन् हुंडा? बाबा, तो आपल्या मित्राच्या लग्नात हुंडा घेतला म्हणून जेवला नव्हता!"

"त्यानं माह्या तोंडावर कबूल केलं."

तिनं फोन लावला. त्यानं उचलला नाही. पुन्हा लावला. मंग त्याचा मेसेज आला, तो तिनं मोठ्यानं वाचला, अन् वाचता वाचता तिचा आवाज बारीक होत गेला. "तुले मोटरवाली आवडत नाही हे माहीत होतं. पण त्याच्यासाठी तू घरी सांगून मले काढून देशील, असं वाटलं नव्हतं. खुश राहा."

दीपिकानं मान वर केली अन् सरळ माह्याकडं पाह्यलं.

"आजी. तू ऐकलं ते नेमकं काय ऐकलं? जसंच्या तसं सांग. वाढवू नको."

मी सांगितलं. जड झाली. विकून टाकीन. बारीक, हलकी, बोट लावलं की सरकते.

दीपिका भिंतीले टेकली. सरकत सरकत खाली बसली. आधी मले वाटलं रडून राह्यली. मंग वाटलं हसून राह्यली. दोन्ही होतं ते. "लेन्स आहे ती आजी! लेन्स! मोटर लेन्समध्ये असते!"

राजेंद्र म्हणे, "काचेत मोटर?"

"हौ बाबा! नखाएवढी!"

पोरींनो, माहा पोरगा एवढा शिकलेला, कोर्टात एवढ्या केसा पाह्यल्या, पण त्या दिवशी त्याचं तोंड जे उघडं राह्यलं, ते पुष्पलतानं पाणी देईपर्यंत मिटलं नाही. मंग माह्याकडं वळला. मी म्हटलं, "माह्याकडं काय पाहतं? मी बरोबर तेच सांगितलं जे त्यानं म्हटलं. अन् तू त्याले तोंडावर विचारलं ना? तुले तरी कुठं समजलं?"

पण दीपिकाचं हसू फार वेळ टिकलं नाही. मेसेज पुन्हा पुन्हा वाचून राह्यलती. म्हणे, "त्याले वाटलं मी एका लेन्सपायी त्याले सोडलं. माह्याबद्दल त्याले असं वाटूच कसं शकलं? अन् लेन्स घ्यायची होती तर माह्यापासून लपवली काहून? मी काय खाल्लं असतं त्याले?" अन् तिकडून फोन उचलणं बंद.

रविवारी सकाळी फोटोवाल्यांच्या संघटनेनं एक हॉल घेतला होता. ती येणारी लेन्स बाजारात यायच्या आधीच जबलपूरहून एक माणूस नमुना घेऊन दाखवाले येणार होता. विवेक तिथं असणारच. दीपिका निघाली. राजेंद्र म्हणे, मीबी येतो, माफी मागायची आहे. मी म्हटलं, मी तर येतेच. जिच्यापायी एवढं रामायण झालं, तिचं तोंड तर पाहू!

हॉलमध्ये काय गर्दी! पुढं टेबल, टेबलावर कॅमेरा, त्याच्यावर लाल कपडा झाकलेला. मागं भिंतीएवढा पडदा. त्या माणसानं कपडा काढला तवा सगळे असे पुढं वाकले जसा नव्या नवरीचा पदर उचलला. मागच्या दाराशी टाचा उंच करून मी पाह्यलं. काळी, आखूड, बाजूले एक इवलंसं बटण. हीच का ती सवत!

अन् मंग सुरू झाली भांडणं. व्हिडिओवाले एका बाजूले, फोटोवाले दुसऱ्या.

"झूम केलं तरी लांब होत नाही, पाह्यलं का? हातात तोल जाणार नाही!"

"अन् बॅटरी कोण खाईन? तुहा मामा?"

"वरमाला एका सेकंदात पडते भाऊ! हे मशीन सरकत सरकत पोचन तवर नवरदेव जेवाले बसन!"

"जोरात दाब ना बटण! हळू दाबलं तर हळू, जोरात दाबलं तर जोरात!"

"माह्या हाताले एवढं समजते. बटणाले काहून शिकवू?"

जबलपूरचा माणूस घाम पुसत म्हणे, "भैया, झगड़िए मत, इसमें हाथ वाली रिंग भी है। कोई एक आइए, चलाकर देखिए।"

अन् कोणीतरी विवेकले पुढं ढकललं.

रात्रभर झोपला नव्हता, दिसूनच राह्यलं होतं. कॅमेऱ्याचं तोंड हॉलकडं, अन् हा त्याच्या बाजूले उभा राहून पडद्याकडं पाहते, आमच्याकडं पाठ. पडद्यावर सगळा हॉल दिसला, खुर्च्या, डोकी, पंखे. त्यानं कॅमेरा हळूहळू मागच्या दाराकडं वळवला अन् बटणाले बोट लावलं. काय सांगू... आवाज नाही, धक्का नाही. पाण्यावरून पान सरकावं तसं ते चित्र पुढं पुढं जाऊन राह्यलं. पहिली रांग गेली. दुसरी गेली. माहं डोकं येऊन गेलं. अन् थांबलं... दीपिकावर.

भिंतीएवढी माही नात. डोळे सुजलेले, केस न विंचरलेले, अन् ओठ घट्ट दाबलेले.

हॉलमधले सगळे मागं वळले. विवेक वळला नाही. तो तसाच, पडद्याकडं पाहत.

"देखिए, कितना स्मूद!" जबलपूरवाला म्हणे. त्याले बिचाऱ्याले काय माहीत.

दीपिका चालत पुढं आली. पडद्यावर मोठी मोठी होत गेली. कॅमेऱ्यापासून हातभर दूर थांबली.

"मोटर बंद कर," ती म्हणे.

"दीपिका, मी..."

"बंद कर. हातानं कर."

त्यानं बटण सोडलं. डावा हात रिंगवर ठेवला. फिरवली.

अन् पोरींनो, पडदा हालाले लागला! असा हालला, असा हालला, जसा भूकंप. दीपिकाचं कपाळ इकडं, हनुवटी तिकडं. पुढच्या रांगेतले लोक खुर्च्या धरून बसले. टेबलावर ठेवलेला कॅमेरा, तरी थरथर, कारण त्याचा हात त्याच्यावर.

"अरे भैया, हाथ क्यों काँप रहा है?"

विवेकनं उत्तर जबलपूरच्या माणसाले दिलं, पण पाहत तिच्याकडं होता.

"काँपता है, भैया। सबके सामने नहीं काँपता। ये फ्रेम में आती है तो काँपता है।"

मंग तो तिच्याशी आपल्या बोलीत बोलला, अगदी हळू. "पूर्ण हंगाम असाच गेला. वरमालेच्या वेळेले तू मधात येतं, अन् माहा सगळा व्हिडिओ हालते. लोकं म्हणते पैसे वाया गेले. मी काय सांगू त्याईले? हट्ट्याले तू म्हटलं होतं, हात धड नसन तर शिकून घ्या. शिकलो ना. बाकी सगळं शिकलो. तू समोर आली की विसरतो. म्हणून मोटर पाहिजे होती. तुले कसं सांगणार होतो हे? तू हसली असती."

मी तर हबकलीच. चार दिवसांपासून आमी ज्या मोटरपायी डोकं फोडून घेऊन राह्यलतो, ती मोटर याच्यासाठी!

दीपिका हसली नाही. तिनं पुढं होऊन कॅमेऱ्याच्या समोर हात धरला, पडदा काळा झाला. अन् म्हणे, "नको घेऊ."

"काय?"

"मोटरवाली. नको घेऊ. थरथरू दे."

अन् बरोबर त्याच वेळी हॉलची लाइट गेली! पूर्ण अंधार. कोण कुठं काही दिसत नाही. फक्त बांगड्यांचा आवाज आला, एकदाच, अन् मले आजही शंभर टक्के माहीत आहे, त्या अंधारात त्या पोट्ट्यानं माह्या नातीचा हात धरला. लाइट आली तवा राजेंद्र विवेकच्या समोर उभा होता, हात जोडून.

"पोरा, मले वाटलं तुले चार चाकी पाहिजे."

"चार चाकी?" विवेक म्हणे. "काकाजी, मले तर चालवताच येत नाही!"

हॉलमध्ये जो हशा पिकला! राजेंद्र स्वतः हसला, हसता हसता डोळे पुसले, अन् म्हणे, "तुमच्या लग्नात फोटो कोण काढन मंग? दोघंही तर मांडवात!"

"मी काढते," मी म्हटलं. अन् काढले, खरंच. त्यातल्या एकात नवरदेवाचं डोकं नाही, पण जोडा एवढा सुंदर आला की काय सांगू.

विवेकनं जुनी विकली नाही. ती मोटरवाली म्हणाल तर अजून यायचीच आहे. तारीख पुढं गेली म्हणते, मंग पुन्हा पुढं गेली. दोघं आता एकाच बाजूनं लग्नं घेते, ती फोटो, तो व्हिडिओ, अन् कधीमधी एखाद्या व्हिडिओत वरमालेच्या वेळेले चित्र जरासं हालते. पोरीकडचे विचारते, हे काय? तो म्हणते, वारा होता.

आता चहा घ्या. ...काय वं? अशी काहून पाहतं? डोळ्यांची आण घेतली ना मी?

बरं बाई. एक सांगते. एकच. बाकी सगळं खरं.

लाइट गेली नव्हती. त्या दिवशी बालाघाटची लाइट एक मिनिटही गेली नाही. हात त्यानं भर उजेडात धरला, अन् तिनं कॅमेऱ्यावरचा हात काढून त्याच्या हातात दिला, म्हणून ते सगळं पडद्यावर भिंतीएवढं दिसलं, साऱ्या फोटोवाल्यांसमोर. अन् लवकर सोडला नाही. माहा राजेंद्र बिचारा पंख्याकडं पाहत उभा. बापासाठी म्हणून लाइट मी घालवली.